जिमलगट्ट्याच्या अलीकडे डबल स्टँड

मला गाडी लागते. लहानपणापासून लागते आणि सत्तरी ओलांडली तरी लागतेच. बस, जीप, कार, ज्याला म्हणून दार आणि काच आहे त्यात बसले की गाव संपायच्या आत तोंडाला पाणी सुटतं आणि पुढं काय होतं ते लिहीत नाही. लिंबू झालं, आलं झालं, ओवा झाला. मी स्वतः नर्स होते, उलटीच्या गोळ्या माझ्याच पेटीत असायच्या, पण त्या अख्ख्या तालुक्याला लागू पडल्या, मला नाही. रेल्वे मला चालते. सायकल, बैलबंडी, डोंगा, लुना, सगळं चालतं. तोंडावर वारा असला की मला कुठंही न्या.

पण सिरोंच्याला रेल्वे जात नाही.

नोकरीतली माझी मधली सगळी वर्षं सिरोंचा तालुक्यात गेली. उपकेंद्रात मी नर्स आणि मंगली आया. ती गावचीच. तिला गोंडी येत होती, तेलुगू येत होती, माझ्यासाठी ती मराठीही बोलायची. मी नवी होते तेव्हा बाळंतिणी माझ्याकडे बघायच्याही नाहीत, मंगलीकडे बघायच्या. तिनं मान हलवली की मला हात लावू द्यायच्या. तिची नात रोशनी माझ्याच हातावर जन्मली. निवृत्त होऊन मी नागभीडला मुलाकडे आले आणि त्यानंतर मंगलीची भेट फक्त फोनवर.

मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला.

"कांताबाई, रोशनीले पोरगी झाली."

"हो का! कशी आहे?"

"चांगली टणक हाये. बारसं पौर्णिमेले. नाव तुले ठेवाचं हाये."

"मला? अगं, नाव तर आत्या ठेवते."

"आत्या तयारच बसली हाये. मी भांडलो तिच्यासंग. म्हटलं, हिच्या मायले ज्या बाईनं जगात आणलं ते बाई नाव ठेवन. ते म्हणते, येईन का ते म्हातारी इतक्या दूर? मी म्हटलं, बारा वाजेपर्यंत वाट पाहू. बारा वाजले का तू ठेव." मग जरा थांबून म्हणाली, "येशीन न?"

"येईन," मी म्हणाले. कशी, ते विचारायचं राहिलं.

घरी सांगितलं तर मुलगा कुलदीप म्हणाला, "माय, कार करतो."

"कारमध्ये मी आरमोरीपर्यंतसुद्धा पोचत नाही, तुला माहीत आहे."

"मंग?"

मग माझी नात दिव्यानी म्हणाली, "मी नेतो आजीले."

दिव्यानी चंद्रपूरला बँकेत आहे. शनिवार-रविवार नागभीडला येते ती तिच्या मोठ्या मोटरसायकलवर. ही साधी गाडी नव्हे. लांबच्या प्रवासाची, उंच, पुढं काच, दोन्ही बाजूंना सामानाच्या जाड थैल्या, वजन म्हणाल तर जाफराबादी म्हशीचं. तिच्यावर ती एकटी भामरागडला जाऊन आली, मेळघाटात जाऊन आली. फाटक ओलांडून ती अंगणात येते तेव्हा आमच्या घराच्या खिडक्या थरथरतात. मला तो आवाज आवडतो.

कुलदीप रेल्वेत आहे. त्याचा सगळा जन्म सिग्नल आणि रूळ यांत गेलेला, त्यामुळे जे घडलेलं नाही त्याचीही तो आधी तयारी करतो. तो लगेच नाही म्हणाला नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून चाकं बघितली आणि विचारलं, "हिचं चाक ट्यूबवालं हाये न?"

"हो, पप्पा."

"आलापल्लीच्या पुढं मागचं चाक पंचर झालं तं काय करशीन?"

"ट्यूब बदलीन. स्पेअर हाये, पाने हायेत, पंप हाये. गॅरेजवाल्या विक्कीकडे शिकली मी."

"चाक खोलाले गाडी डबल स्टँडवर घ्या लागते. लावून दाखव."

गाडीला दोन स्टँड असतात. एक बाजूचं. त्यावर गाडी कलून उभी राहते, कमरेवर हात ठेवून गप्पा मारणाऱ्या बाईसारखी. दुसरं पोटाखालचं, दोन पायांचं. त्यावर ती ताठ उभी राहते आणि मागचं चाक जमिनीपासून सुटतं. दिव्यानीनं गाडी घेतल्यापासून कायम बाजूच्या स्टँडवर लावलेली. तिनं हॅंडल धरलं, मागची दांडी धरली, स्टँडच्या आकड्यावर पाय ठेवला आणि उचलायला गेली. गाडी हललीही नाही.

"ज्या दिवशी एकटीनं लावशीन," कुलदीप म्हणाला, "त्या दिवशी माझी माय तुझ्या मागं बसन." आणि तो ड्यूटीवर गेला.

मला त्याचा राग आला नाही. त्या रस्त्यावर कोसचे कोस माणूस भेटत नाही हे मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण पौर्णिमा जवळ येत होती आणि माझं जाणं आता एका लोखंडी आकड्यावर अडकलं होतं.

दुसऱ्या शनिवारपासून अंगणात तालीम सुरू झाली. सून रीनानं आधीच सांगून ठेवलं होतं की सारवण उखडलं तर ज्यानं उखडलं त्यानं सारवायचं. म्हणून गाडी फाटकाजवळच्या फरशीवर आणली. जाताना मंगलीला नवा एचएमटी तांदूळ न्यायचा हे माझं ठरलेलं होतं. नागभीडची बाई तांदळाशिवाय कुणाच्या दारात उभी राहते? तो मी दोन पिशव्यांत बांधून गाडीच्या दोन्ही बाजूंच्या थैल्यांत भरून ठेवला होता, म्हणजे खरा प्रवास असल्यासारखी तालीम होईल.

दिव्यानीनं पाय उचलला तसा तिचा गुडघा डाव्या थैलीला लागला.

"थांब!" मी ओरडले. "अन्नाले पाय लागून राह्यला."

"आजी, थैलीच्या आत हाये ते."

"आत असो नाहीतर बाहेर. काढ."

आमच्या घरात देव्हारा नाही, नवससायास नाहीत. छप्पन साली माझ्या वडिलांनी सगळं सोडलं आणि ते सोडलेलं आम्ही पुन्हा धरलं नाही. पण अन्नाला पाय लागलेला मी चालवून घेत नाही. पोटभर भात मिळायच्या आधीचे दिवस मी पाहिलेत. दिव्यानीनं मुकाट्यानं थैल्या काढून ओट्यावर ठेवल्या आणि पुढची सगळी तालीम थैल्यांशिवाय झाली.

शेजारचे बापूराव भिंतीवर कोपर टेकून बघत होते. राइस मिलमध्ये त्यांनी पोती वाहिली आहेत, त्यामुळे वजन या विषयावर त्यांना मत असतं.

"पोरी, भाकरी खाऊन नाई आली का?"

"काका, दोन खाल्ल्या."

"मंग गाडीनं चार खाल्ल्या असन."

"तुम्ही या न, दाखवा लावून."

बापूराव आले. धोतराचा सोगा खोचला, हाताला थुंकी लावली, मागची दांडी धरून "हं" केलं. गाडी तसूभर उठली, परत बसली आणि बापूराव कमरेला हात लावून ओट्यावर येऊन बसले. "बिघडलेलं हाये ते," म्हणाले. "स्टँडच बिघडलेलं हाये." रीनानं त्यांना चहा दिला आणि मी कमरेला मलम.

संध्याकाळी दिव्यानी फाटकापलीकडच्या विक्कीला घेऊन आली. विक्की अंगानं काडी. त्यानं स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकवले, गाडी जराशी इकडे तिकडे हलवून बघितली, मग स्टँडच्या बाहेर आलेल्या लोखंडी आकड्यावर उजव्या पायाचा तळवा ठेवला आणि नुसता त्यावर उभा राहिला. गाडी आपली आपण मागं सरकत वर चढली.

"उचलू नको, ताई," तो म्हणाला. "चढ तिच्यावर."

"चढलीच तर होती मी."

"नाई. तू हातानं ओढून राह्यली."

तो गेल्यावर ती पुन्हा लागली. मी ओट्यावरून बघत होते. तिचे खांदे वर जात होते, मान ताठ होत होती, दात आवळले जात होते. आणि मला एकाएकी आमच्या गावची ढेकी आठवली. लाकडाचं लांब धूड. एका टोकाला मुसळ, दुसऱ्या टोकावर आम्ही पोरी पाय द्यायचो. पाय दिला की मुसळ वर, पाय काढला की उखळात धान कांडलं जाई. वर छताला दोरी बांधलेली असे, ती हातात धरायची. नवीन पोरगी आली की ती दोरीला लोंबकळायची, ढेकी काही उठायची नाही, आणि म्हाताऱ्या हसायच्या. मलाही हसल्या होत्या.

"दिव्या," मी म्हणाले, "हात कशाले आवळतेस? हात फक्त पडू नये म्हणून. सगळी तू त्या पायात जा."

"सगळी म्हणजे?"

"सगळी. दुसरा पाय जमिनीवर ठेवूच नको."

तिला त्याचीच भीती वाटत होती, जमिनीवरचा पाय सोडायची. चारदोनदा तिनं अर्धवट सोडला. मग एकदा खरंच सोडला. आकड्यावर एका पायानं ती उभी राहिली, हात सैल, आणि गाडी "खट्ट" करून वर बसली. ती इतकी दचकली की खाली उतरायचंच विसरली. मग उतरली आणि गाडीकडे बघत राहिली.

रविवारी कुलदीप चहाचा कप घेऊन अंगणात आला. दिव्यानीनं लावून दाखवली.

"पुन्हा," तो म्हणाला.

तिनं गाडी पुढं ढकलून उतरवली, परत लावली. कुलदीपनं मागचं चाक हातानं फिरवलं. ते मोकळं फिरलं. त्यानं चहा संपवला. "बरं," म्हणाला आणि आत गेला. थोड्या वेळानं त्याचं हेल्मेट घेऊन बाहेर आला आणि माझ्या डोक्याला बसतं का ते बघायला लागला.

आम्ही पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो. मी रीनाचा पंजाबी ड्रेस घातला होता. जन्मात पहिल्यांदा. दोन्हीकडे पाय टाकून बसले तेव्हा बापूराव भिंतीवरून म्हणाले, "कांताबाई, फौजेत चालल्या का?"

"फौजेनं बोलावलं तर तेही करीन, भाऊ."

वैनगंगेवर धुकं होतं. धानाची कापणी होऊन बांध्या मोकळ्या पडलेल्या, त्यात बगळे. मला एकदाही मळमळलं नाही. गडचिरोलीला चहा घेतला, आष्टीला जेवलो, आलापल्लीला माझ्या बरोबरीच्या एका सिस्टरकडे मुक्काम केला. तिनं मला गाडीवरून उतरताना बघितलं आणि दारातच कपाळावर हात मारला.

सकाळी पुढं निघालो. तिथून पुढं सागवानाचं जंगल. पानं वाळून गळायला लागलेली, रस्ता कुठं गुळगुळीत, कुठं नुसती गिट्टी. रेपनपल्ली मागं पडली. दिव्यानी गिट्टी आली की उभी राहून चालवायची आणि मला सांगायची, "आजी, धर." मी धरायचे. ऊन वर यायच्या आत पोचू असा आमचा हिशोब होता.

जिमलगट्ट्याच्या अलीकडे गाडीची मागची बाजू हलकेच डोलली. मग जास्त डोलली, पाण्यातून निघालेल्या म्हशीच्या चालीसारखी. दिव्यानीनं हळूहळू वेग कमी करत एका छोट्या पुलाजवळ थांबवली. मागचं चाक बसत चाललं होतं. टायरमध्ये बैलाच्या नालेचा खिळा रुतला होता, डोकं चकाकत होतं.

"काही काळजी नाई, आजी," ती म्हणाली. तिनं मोबाइल बघितला. रेंज नव्हती. "काही काळजी नाई."

पुलाजवळची जमीन पक्की होती. तिनं स्टँडचे दोन्ही पाय टेकवले, आकड्यावर पाय ठेवला, जमिनीवरचा पाय सोडला. अगदी अंगणात करायची तशीच. गाडी उठली नाही. ती आकड्यावर उभी आणि गाडी आपल्या जागी. तिनं उडी मारूनही बघितलं.

तेव्हा मला कळलं की काय झालं आहे. अंगणात गाडी रिकामी होती. आता दोन्ही बाजूंना तांदूळ होता, त्यावर आमचे कपडे होते, मंगलीसाठी घेतलेलं लुगडं होतं, बाळासाठी रीनानं शिवलेली दुपटी होती. भरलेली गाडी आम्ही स्टँडवर लावून कधी बघितलीच नव्हती, आणि ती बघू न देणारी मीच होते.

"थैल्या काढ," मी म्हणाले.

तिनं काढल्या. मी तांदळाच्या पिशव्या पुलाच्या कठड्यावर ठेवल्या. तिनं पुन्हा पाय दिला. गाडी थोडी उठली, अर्ध्यात थांबली, परत खाली आली. आणखी एकदा. तसंच. तिच्या कपाळावरून घाम नाकावर आला होता. मी घड्याळाकडे बघितलं नाही, पण सावल्या आखडायला लागल्या होत्या ते दिसत होतं.

तेवढ्यात मागून एक जीप आली. काळीपिवळी, आत भरगच्च, टपावर कोंबड्यांचा खुराडा. ड्रायव्हरनं थांबवली. पन्नाशीचा माणूस, डोक्याला गमछा.

"काय झालं, बाई?"

"पंचर," मी म्हणाले. "चाक काढायचं आहे."

"अन् स्टँडवर नाई लागून राह्यली," दिव्यानी म्हणाली.

"हट्, त्यात काय." तो उतरला. नाव लटारू, असं त्याला आतली माणसं हाका मारत होती त्यावरून कळलं. त्यानं गाडीची मागची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि जोरानं ओढली. गाडी वर नाही आली, पलीकडे कलली. दिव्यानी हॅंडलला लटकली, मी सीटला, लटारू मागं, आणि कसंबसं तिला आम्ही पडता पडता सरळ केलं. जीपमधल्या बायका "अगं माय" म्हणून ओरडल्या.

लटारूनं गमछ्यानं तोंड पुसलं. "हे नाई होत. डबल जड हाये हे."

जीपमधून एक ठसठशीत बाई खाली उतरली, पाय मोकळे करायला. तिच्या बरोबरीची तिला गुणाबाई म्हणत होती. तिनं गाडीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "एवढी मोठी गाडी घेऊन पोरगी निघाली अन् उभी नाई करता येत? उभी करता येत नाई ते घेऊ नये माणसानं."

"मावशी, उभीच तं हाये," दिव्यानी म्हणाली. "बसून नाई राह्यली."

गुणाबाई हसली. "तोंड तं चालते हिचं."

"कुठी जाता?" लटारूनं मला विचारलं.

"सिरोंच्याच्या अलीकडे. बारशाला. बारा वाजायच्या आत."

"मंग तुम्ही चाला न आमच्यासंग. पुढच्या सीटवर बसा. पोरगी थांबल गाडीजवळ, मी जिमलगट्ट्याहून पंचरवाला पाठवतो."

जीपचं दार उघडंच होतं. आतून डिझेलचा आणि कोंबड्यांचा वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पण खरं सांगते, त्या क्षणी मळमळ ही काही मोठी गोष्ट नव्हती. मंगलीच्या शब्दासाठी मी ओकत ओकतही गेले असते. मी दिव्यानीकडे बघितलं. ती हॅंडल धरून खाली बघत होती. तिला मी एकटीला या रस्त्यावर सोडणार नव्हते. आणि ती मागं राहून मी पुढं गेले, तर घरी गेल्यावर कुलदीप एक शब्दही बोलणार नाही, नुसतं "बरं" म्हणेल, आणि ती पुन्हा माझ्यासाठी कुठं निघणार नाही, हेही मला कळत होतं.

"नाही," मी लटारूला म्हणाले. "मी हिच्या गाडीवर आले, हिच्याच गाडीवर जाईन."

"अवं बाई, पण लागतच नाई ते स्टँडवर."

"लागेल. तुम्ही पाच मिनिटं थांबाल का? टायर काढायला तुमच्या हातांची गरज पडेल."

तो घुटमळला. जीपमधून कुणीतरी म्हणालं, "थांब ना लटाऱ्या, पाहू तं दे." आणि भराभर चारपाच माणसं उतरलीच.

दिव्यानी आता गुडघ्यावर बसली होती. स्टँडकडे बघत नव्हती, चाकाकडे बघत होती. मग तिनं गाल जमिनीला लागेल इतकं वाकून खालून बघितलं.

"आजी," ती म्हणाली, "चाक बसलं म्हणून गाडी खाली आली. स्टँड उभंच राहून नाई राह्यलं. अंगणात टेकल्यावर ते जरासंच कलतं होतं. इथी जास्त आडवं पडते. म्हणून मले दुप्पट उचला लागते."

"मग?"

"हवा भरू."

गुणाबाई म्हणाली, "पंचर चाकात हवा भरते म्हणते! बँकेत पैसे भरून राह्यली का?"

"मावशी, बँकेतच हाये मी," दिव्यानी म्हणाली आणि पंप काढला.

पायानं चालवायचा पंप होता, छोटा, घडीचा. तिनं तो चाकाला जोडला आणि माझ्यापुढं ठेवला. "आजी, खिळा आतच हाये, त्यामुळं हवा एकदम नाई जाणार. तू भरत राह्य. थांबू नको. चाक फुगलं का मी चढतो."

मी चपला काढल्या आणि पाय ठेवला.

सत्तरीत पाय हलतो की नाही असा कुणाला प्रश्न असेल तर सांगते, हलतो. माझे पाय आयुष्यभर चाललेले आहेत. सुरुवातीला पंप सहज दबत होता आणि चाक काही उठत नव्हतं. एका बाजूनं मी भरत होते, खिळ्यापाशी "सूं" करत हवा निघून जात होती. मी वेग वाढवला. जीपमधली एक म्हातारी माझ्या खांद्याला धरून उभी राहिली, मी पडू नये म्हणून. लटारू पुढं आला, "द्या बाई, मी मारतो." मी मान हलवली. लय लागली होती, ती मोडायची नव्हती. हळूहळू पंप जड व्हायला लागला. पायाखाली प्रत्येक वेळी आता कुणीतरी परत ढकलत होतं.

"उठली, उठली," गुणाबाई चाकाशी वाकून म्हणाली. "जरासक उठली. मार वं बाई, मार."

दिव्यानीनं हॅंडल सरळ केलं. स्टँडचे दोन्ही पाय टेकवले, गाडी हलवून बघितली. तळवा आकड्यावर. लटारू मागची दांडी धरायला सरसावला तसं तिनं सांगितलं, "काका, हात नका लावू. ओढली का कलते."

आणि ती चढली. सगळीच्या सगळी. मी पंप मारत होते म्हणून मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त जमिनीवरचा बूट उचलला गेलेला दिसला. गाडी क्षणभर विचार करत थांबली, मग सरकत मागं आली आणि "खट्ट."

मागचं चाक जमिनीपासून सुटलं होतं. मी पाय थांबवला. "सूं" करत सगळी हवा निघून गेली आणि चाक पुन्हा बसलं, पण आता ते अधांतरी बसलं होतं, त्याला काय करायचं ते करू दे.

गुणाबाईनं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. कोंबड्यासुद्धा ओरडल्या.

पुढचं काम लटारूचं. दिव्यानीनं चाक खोललं, पण घट्ट बसलेला टायर रिमवरून सोडवायला त्याचे हात आणि त्याचा लोखंडी टामी लागला. तो आणि ती समोरासमोर बसून जुनी ट्यूब ओढून काढत होते आणि वाद घालत होते. तो म्हणे इकडून घाल, ती म्हणे विक्की तिकडून घालतो. त्याचंच बरोबर निघालं. चाक परत बसवलं, साखळी चढवली, हवा भरली. या वेळी माझ्यासोबत जीपमधल्या तीन बायकांनी पाळीपाळीनं पंप मारून घेतला, हौस म्हणून.

उतरवताना दिव्यानीनं आधी बाजूचं स्टँड खाली केलं, मग गाडी पुढं ढकलली. ती दणकन चाकांवर आली. थैल्या चढल्या. मी लटारूला हात जोडले.

"जयभीम, भाऊ. तुमच्या लोकांना उशीर झाला."

"जयभीम, बाई. लोकायले तं आज तिकीट न काढता खेळ भेटला."

गुणाबाई जीपमध्ये चढता चढता वळली. "बारसं हाये म्हणत होत्या न? मंग गोष्टी काऊन करून राह्यल्या? पळा!"

आम्ही पळालो.

मंगलीच्या अंगणात माणसं बसली होती. पाळणा सजवलेला होता, आत्या नवं पातळ नेसून पाळण्याशेजारी तयार उभी होती आणि मंगली फाटकात. म्हातारी वाळून अर्धी झाली आहे, पण आवाज तोच. गाडी आत शिरली तशी ती बाजूला सरली, मी उतरले, हेल्मेट काढलं आणि तिनं मला ओळखलं.

"रा अक्का, रा," तेलुगूत मला ये ताई म्हणाली, मग मराठीत, "बारा वाजून गेले."

"किती गेले?"

"ते मी नाई सांगत. घड्याळ मी काढून ठेवलं पेटीत. या बाईनं तीनदा मागितलं." आत्याकडे बोट. आत्या लाजून हसली.

रोशनी बाळ घेऊन आली. मी हात पुढं केले आणि मागं घेतले. नखांत टायरचा काळा मळ बसला होता. "साबण," मी म्हणाले. अंगण थांबलं. मी हौदाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली, परत धुतले. मागून मंगली सगळ्यांना सांगत होती, "असंच करते हे. बाळ बाहेर यायच्या घाईत असे अन् हे हात धूत असे."

मग मी बाळ घेतलं. चांगलं टणक होतं, फोनवर सांगितलं होतं तसंच. तिच्या मुठीत माझं बोट अडकलं. फाटकापलीकडे उताराच्या खाली प्राणहितेचं रुंद पात्र उन्हात पसरलेलं होतं. आमची वैनगंगाच ती, वर्धेला भेटून नाव बदलून इथं आलेली. मी रोशनीकडे बघितलं, तिच्या नवऱ्याकडे बघितलं, आत्याला जवळ बोलावलं, कारण तिच्याशिवाय बाळाचा दुसरा कान राहिला असता. एका कानात ती, एका कानात मी. मी नाव सांगितलं आणि आत्यानं ते मोठ्यानं म्हटलं.

"प्राणहिता."

 मग रोशनीचा नवरा हळूच म्हणाला, "चांगलं हाये. पण शाळेत लिहाले लंबं हाये, बाई."

"लिहील," दिव्यानी मागून म्हणाली. ती थैलीतला तांदूळ काढून ओसरीवर ठेवत होती. "हळूहळू लिहील. आजीच्या हातात आली हाये ते."

मंगलीनं माझ्या हातातून बाळ घेतलं, तिच्या तोंडाकडे एकटक बघितलं आणि म्हणाली, "हिता. चाल, हिता, दूध पे."